नाइटक्लबच्या मद्यपरवान्याची वेळ वाढवून घेताना: पोलिसांच्या हरकतीची तयारी

इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या शहरात आम्ही तिघे भागीदार मिळून एक नाइटक्लब चालवतो. एका वेळी ४५० माणसे आत असू शकतात, आणि शुक्रवारी व शनिवारी पहाटे तीनपर्यंत मद्य विकण्याचा परवाना आमच्याकडे पहिल्यापासून होता. ही वेळ पाचपर्यंत वाढवून मिळावी म्हणून आम्ही अर्ज केला, पोलिसांनी हरकत घेतली आणि सुनावणीत अर्ज फेटाळला गेला. चौदा महिन्यांनी आम्ही पुन्हा अर्ज केला. या वेळी मागणी पहाटे चारपर्यंतची होती, आणि ती अटींसह मंजूर झाली. मधल्या काळात कायदा तोच होता, क्लबही तोच होता, हरकत घेणारे पोलीस अधिकारीही तेच होते. बदलल्या होत्या त्या आमच्या नोंदी आणि पोलिसांचे म्हणणे ऐकून घेण्याची आमची पद्धत. पहिल्या वेळी आम्हाला हे सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे.

येथे दिलेली माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे परवाना कायदे वेगळे आहेत.

१. निर्णय कोणाचा असतो, हे आधी समजून घ्या

भारतातून आलेल्या अनेकांचा समज असा असतो की पोलिसांचा ना-हरकत दाखला मिळाला की काम झाले आणि नाही मिळाला की काम अडले. येथे तसे नाही. २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट नोव्हेंबर २००५ पासून अमलात आहे आणि त्यानुसार परवाना स्थानिक कौन्सिल देते. पोलीस हे कौन्सिलला मत कळवणाऱ्या ‘जबाबदार प्राधिकरणां’पैकी एक असतात. अग्निशमन दल, पर्यावरण आरोग्य विभाग, नियोजन विभाग, बालसंरक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स ही त्यातली इतर काही प्राधिकरणे आहेत. यांच्याखेरीज शेजारचे रहिवासी आणि दुकानदारही हरकत नोंदवू शकतात.

प्रत्येक हरकत चार उद्दिष्टांपैकी कोणत्या ना कोणत्या उद्दिष्टाशी जोडलेली असावी लागते: गुन्हे व गोंधळ रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणे आणि मुलांचे हानीपासून संरक्षण. ठरलेल्या मुदतीत एकही ग्राह्य हरकत आली नाही, तर कौन्सिलला अर्ज मंजूर करावाच लागतो. हरकत आली आणि ती मागे घेतली गेली नाही, तर नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते.

असे असले तरी पोलिसांच्या मताला कमी लेखू नका. कायद्याच्या कलम १८२ अन्वये सरकारने दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गुन्हे आणि गोंधळाच्या बाबतीत पोलीस हेच साधारणपणे कौन्सिलच्या सल्ल्याचे मुख्य स्रोत असावेत. मात्र पोलिसांचे म्हणणेही पुराव्यावर आधारलेले आणि सुनावणीत टिकणारे असले पाहिजे, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे. तुमची सगळी तयारी या दोन वाक्यांना धरून करा.

२. पोलिसांना नेमकी कशाची काळजी असते, ते त्यांच्या जागी बसून पाहा

पहिल्या अर्जाच्या वेळी आमची समजूत होती की पोलिसांचा रोख क्लबच्या आतील भांडणांवर असणार. आमच्याकडे आत फारशी भांडणे होत नसल्याने आम्ही निर्धास्त होतो. हरकतीचे नऊ पानी पत्र हातात आले तेव्हा त्यातला मोठा भाग क्लबच्या दाराबाहेरचा होता.

पहिली काळजी पांगापांगीची असते. चारशे माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली, टॅक्सी कमी पडल्या, बसेस सुरू व्हायला अजून तास-दीड तास असला आणि समोर खाद्यपदार्थांचे एकच दुकान उघडे असले, की धक्काबुक्की तिथेच सुरू होते. आमच्या पत्रातील निम्म्याहून अधिक घटना टॅक्सीच्या रांगेत घडलेल्या होत्या.

दुसरी काळजी स्थलांतराची असते. बाकीची सगळी ठिकाणे तीनला बंद होत असतील आणि एकच क्लब पाचपर्यंत चालू राहणार असेल, तर आधीच भरपूर प्यालेली माणसे तीननंतर त्याच दाराकडे वळतील, अशी भीती पोलीस व्यक्त करतात. या लोकांना तुम्ही मद्य दिलेले नसते, त्यांनी किती घेतले आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, आणि त्यांना दारातून परत पाठवले की वाद दारात होतो.

तिसरी काळजी मनुष्यबळाची असते. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रीसाठी शहराच्या मध्यभागी नेमलेली जादा कुमक ठरावीक वेळी माघारी जाते. वेळ वाढली की त्यानंतरची घटना सांभाळायला शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी यावी लागते. केवळ पोलिसांकडे माणसे नाहीत एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ नये असे अर्जदाराला वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही तसेच वाटत होते. परंतु मदत उशिरा पोहोचण्याचा धोका तुमच्या ग्राहकालाच असतो, हे मान्य केल्यावर या मुद्द्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

चौथी काळजी असुरक्षित अवस्थेतील ग्राहकांची असते: पेयात कोणी काही मिसळल्यामुळे किंवा अतिमद्यपानामुळे भान हरपलेली, मैत्रिणींपासून चुकलेली, फोनची बॅटरी संपलेली मुलगी पहाटे चार वाजता कोणाच्या हवाली होते, हा प्रश्न पोलीस फार गांभीर्याने विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. अमली पदार्थांचा प्रश्नही याच्याच जोडीला येतो. २०१६ मध्ये लंडनमधील ‘फॅब्रिक’ या क्लबचा परवाना, दोन अठरा वर्षांच्या तरुणांच्या मृत्यूंनंतर पोलिसांनी मागितलेल्या फेरतपासणीत, इझलिंग्टन कौन्सिलने रद्द केला होता. कडक अटी मान्य करून झालेल्या तडजोडीनंतर, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत मिळाला. एवढ्या नावाजलेल्या जागेवरही ही वेळ येऊ शकते, हे लक्षात ठेवून अर्ज लिहा.

३. पोलिसांच्या आधी तुम्ही तुमच्या बारा महिन्यांच्या नोंदी वाचा

हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम आहे, आणि आम्ही पहिल्या वेळी नेमके तेच टाळले.

पोलीस हरकतीसोबत घटनांची यादी जोडतात. ती यादी बहुधा तुमच्या पत्त्यावर नोंदल्या गेलेल्या फोनकॉल आणि गुन्ह्यांची असते. पदपथावर पडलेल्या माणसासाठी एखाद्या वाटसरूने रुग्णवाहिका बोलावताना खूण म्हणून तुमच्या क्लबचे नाव सांगितले, तर ती घटनाही तुमच्या पत्त्यावर चढू शकते. हरवलेला फोन, चोरीला गेलेले जॅकेट, तुमच्याच सुरक्षारक्षकाने वेळेवर केलेला फोन आणि खरोखरची मारहाण, हे सगळे एकाच तक्त्यात एकाखाली एक येते. आमच्या यादीत ४१ ओळी होत्या. नंतर सवडीने तपासले तेव्हा त्यातील १४ घटनांचा क्लबशी काही संबंध नव्हता आणि ११ घटनांत पोलिसांना आम्हीच बोलावले होते. परंतु सुनावणीच्या दिवशी हे सांगायला आमच्याकडे कागद नव्हता. घटनावही होती, पण तिच्यात काही शनिवार कोरेच होते. कोऱ्या पानाचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा होतो की ‘कोणी लिहिले नाही’ असा होतो, हे समितीच्या अध्यक्षांनी विचारले, आणि आम्हाला उत्तर देता आले नाही.

म्हणून अर्जाच्या किमान सहा महिने आधीपासून पुढील शिस्त लावा. प्रत्येक रात्री घटनावहीत नोंद व्हावी, आणि काही घडले नसेल तर तसेच लिहून व्यवस्थापकाने सही करावी. प्रत्येक नोंदीत वेळ, जागा, कोण उपस्थित होते, काय केले, पोलिसांना कळवले का आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवले का, हे असावे. ज्यांना प्रवेश किंवा मद्य नाकारले त्यांची वही वेगळी असावी. दर तासाला आत किती माणसे आहेत याचा आकडा आणि बंद होताना शेवटचा ग्राहक किती वाजता बाहेर पडला व रस्ता किती वाजता मोकळा झाला याची नोंदही ठेवा. दुसऱ्या अर्जात समितीने सर्वाधिक वेळ या शेवटच्या नोंदीवर घालवला.

येथे एक सापळा आहे. आकडे चांगले दिसावेत म्हणून पोलिसांना फोन करणे कमी करणारे चालक मी पाहिले आहेत. हे अत्यंत चुकीचे आहे. एखाद्या जखमी माणसाला मदत उशिरा मिळते, आणि चित्रणातून ही गोष्ट उघड झाली की तुमच्यावरचा विश्वास कायमचा जातो. वेळेवर आणि व्यवस्थित कळवणारा क्लब ही पोलिसांच्या लेखी जमेची बाजू असते.

४. मागणी नेमकी ठरवा

‘पाच मागू, म्हणजे चार तरी मिळतील’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. आम्हीही तो ऐकला. समितीला मागणीचा काही भाग मंजूर करण्याचा अधिकार असतो हे खरे, पण फुगवलेल्या मागणीला पुरावाही तेवढाच मोठा लागतो, आणि तो नसल्याचे उघडे पडले की उरलेल्या मागणीवरचाही विश्वास उडतो. दोन तासांऐवजी एक तास, सातही रात्रींऐवजी दोनच रात्री, आणि त्या तासात तुमच्या दारात काय वेगळे घडेल याचे सविस्तर वर्णन, एवढेच मागा.

मद्यविक्री थांबण्याची वेळ आणि क्लब बंद होण्याची वेळ या दोन गोष्टी स्वतंत्र लिहा. आम्ही विक्री चारला थांबवून दार साडेचारला बंद करण्याची रचना केली, जेणेकरून माणसे तीस मिनिटांत हळूहळू बाहेर पडतील. संगीताचा कार्यक्रम आणि गरम खाद्यपेये यांसाठीची वेळही त्याच अर्जात वाढवून मागावी लागते. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत गरम खाणे किंवा गरम पेय विकणे ही परवान्याखालील स्वतंत्र बाब आहे, आणि ती विसरणारे अर्जदार कमी नाहीत.

अर्जापूर्वी आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, तुमच्या जागेच्या नियोजन परवानगीत वेळेची अट आहे का, कारण मद्यपरवाना वाढला तरी ती अट आपोआप वाढत नाही. दुसरी, तुमचा भाग कौन्सिलने जाहीर केलेल्या ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट’ क्षेत्रात, म्हणजे परवान्यांची आधीच दाटी झालेल्या भागात, येतो का. येत असेल तर आपल्यामुळे तेथील त्रासात भर पडणार नाही हे तुम्हालाच पटवून द्यावे लागते. तिसरी, तुमच्या कौन्सिलने रात्र-उशिराचा कर, म्हणजे लेट नाइट लेव्ही, लागू केला आहे का. कराच्या ठरलेल्या वेळेत मद्य विकण्याचा परवाना असलेल्या प्रत्येकाला तो भरावा लागतो, मग तुम्ही ती वेळ वापरा किंवा न वापरा. जागेच्या करपात्र मूल्यानुसार तो वर्षाला २९९ पौंडांपासून ४,४४० पौंडांपर्यंत असतो.

५. तात्पुरत्या सूचनेच्या मार्गाने आधी चाचणी घ्या

टेम्पररी इव्हेंट नोटिस, ज्याला येथे सगळे ‘टेन’ म्हणतात, ती २१ पौंड भरून देता येते, आणि तिच्या आधारे एखाद्या रात्रीपुरती जास्त वेळ मद्यविक्री करता येते. एका जागेसाठी वर्षाला १५ सूचना आणि एकूण २१ दिवस, अशी मर्यादा आहे. कर्मचाऱ्यांसह एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसे असू नयेत, ही मोठ्या क्लबांना अडचणीत आणणारी अट नीट वाचा.

सूचना कार्यक्रमाच्या किमान दहा कामकाजाचे दिवस आधी पोहोचली पाहिजे. पाच ते नऊ दिवस आधी दिलेली ‘उशिराची’ सूचनाही चालते, परंतु तिच्यावर पोलिसांनी किंवा पर्यावरण आरोग्य विभागाने हरकत घेतली तर सुनावणी न होता कार्यक्रमच रद्द होतो. म्हणून उशिराच्या सूचनेवर अवलंबून राहून तिकिटे विकू नका.

आम्ही दुसऱ्या अर्जापूर्वी सहा रात्री अशा पद्धतीने चारपर्यंत क्लब चालवला, प्रत्येक वेळी पोलिसांच्या लायसन्सिंग ऑफिसरना आधी कळवले, आणि सोमवारी त्या रात्रीच्या नोंदी स्वतःहून पाठवल्या. त्यातील एका रात्री टॅक्सीच्या रांगेत हाणामारी झाली, आणि ती नोंदही आम्ही पाठवली. पुढे सुनावणीत त्या अधिकाऱ्यांनीच हा उल्लेख केला आणि ‘यांनी ही घटना आमच्यापासून लपवली नाही’ असे सांगितले.

६. अर्ज भरण्यापूर्वी लायसन्सिंग ऑफिसरना भेटा

पोलिसांचे आणि कौन्सिलचे लायसन्सिंग ऑफिसर वेगवेगळे असतात. दोघांनाही मसुदा दाखवा. भेटीत आपली बाजू पटवत बसण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: आमच्या पत्त्यावर तुमच्याकडे काय नोंदले आहे, वाढीव तासात तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, आणि कोणती अट असती तर ती भीती कमी झाली असती. उत्तरे लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी आभारांसह ईमेलने पाठवा, म्हणजे काय बोलणे झाले याची नोंद दोन्हीकडे राहते.

शक्य असल्यास त्यांना शनिवारी रात्री बंद होण्याच्या वेळी क्लबवर बोलवा. आमच्या अधिकारी बाई आल्या, कोपऱ्यावर पाऊण तास उभ्या राहिल्या, आणि आमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट त्यांनी दाखवली: धूम्रपानाच्या जागेचे फाटक आणि मुख्य दार एकाच पदपथावर उघडत असल्याने दोन घोळके समोरासमोर येत होते. पुढच्या आठवड्यापासून शेवटच्या तासात आम्ही ते फाटक बाहेर पडण्यासाठी वापरणे थांबवले.

७. कागदपत्रे गोळा करा

अर्जासाठी आणि नंतरच्या चर्चेसाठी आम्हाला लागलेली कागदपत्रे अशी होती: सध्याचा परवाना, परवान्यात बदल मागण्याचा अर्जनमुना, क्लबमधील रचना बदलत असेल तर नवा आराखडा, मागील बारा महिन्यांची घटनावही आणि प्रवेश नाकारल्याची वही, सुरक्षारक्षकांची यादी, त्यांच्या सिक्युरिटी इंडस्ट्री अथॉरिटीच्या परवाना क्रमांकांसह, कर्मचारी प्रशिक्षणाच्या सह्या केलेल्या नोंदी, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या जागा दाखवणारा नकाशा, अमली पदार्थांविषयीचे लेखी धोरण, ज्यात जप्त केलेला पदार्थ कुलूपबंद पेटीत कसा ठेवला जातो आणि पोलिसांकडे कसा सोपवला जातो हे असावे, असुरक्षित ग्राहकांच्या काळजीचे धोरण, आणि पांगापांगीचा आराखडा.

या शेवटच्या कागदावर सर्वांत जास्त मेहनत घ्या. ‘ग्राहक शांतपणे जातील याची काळजी घेऊ’ असे वाक्य म्हणजे आराखडा नव्हे. संगीताचा वेग आणि आवाज किती वाजता कमी होतो, दिवे किती वाजता लागतात, कोट ठेवण्याच्या खिडकीवर शेवटच्या तासात किती माणसे असतात, कोणता सुरक्षारक्षक कोणत्या कोपऱ्यावर उभा राहतो, टॅक्सी कंपनीशी काय ठरले आहे, आणि एकटी राहिलेली व्यक्ती घरी पोहोचेपर्यंत कोण सोबत थांबते, हे सगळे वेळेनुसार लिहा.

शुल्क जागेच्या करपात्र मूल्यावर ठरते. सर्वांत खालच्या श्रेणीसाठी ते १०० पौंड आणि वरच्या श्रेणीसाठी ६३५ पौंड आहे. आम्हाला ३१५ पौंड भरावे लागले. वरच्या दोन श्रेणींतील आणि मुख्यतः मद्यविक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या जागांना मात्र दुप्पट किंवा तिप्पट शुल्क पडते.

८. अर्ज, निळी सूचना आणि अठ्ठावीस दिवस

लहानसहान बदलांसाठी असलेला सोपा अर्ज येथे चालत नाही, कारण रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत मद्यविक्री वाढवण्यासाठी तो वापरता येत नाही. पूर्ण बदलाचाच अर्ज करावा लागतो. अर्ज कौन्सिलकडे ऑनलाइन केला तर इतर प्राधिकरणांना प्रती पाठवण्याचे काम कौन्सिल करते. कागदी अर्ज केला तर प्रत्येक प्राधिकरणाला प्रत तुम्हीच पोहोचवायची असते.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस क्लबच्या बाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशी, फिकट निळ्या कागदावरची सूचना लावावी लागते. कागद किमान ए-फोर आकाराचा आणि अक्षर किमान १६ आकाराचे हवे. स्थानिक वृत्तपत्रातही पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत एकदा सूचना द्यावी लागते. सूचना फाटली, पावसाने धुतली गेली किंवा अंतिम तारीख चुकली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची पाळी येऊ शकते. रोज सकाळी सूचनेचे छायाचित्र काढून ठेवा. आम्ही २८ छायाचित्रे जोडली होती.

९. हरकत आल्यावर अटींवर बोला

हरकतीचे पत्र आले की त्याच दिवशी उत्तर लिहू नका. प्रत्येक मुद्द्यासमोर तुमची नोंद, चित्रण आहे की नाही, आणि तुम्ही त्यानंतर काय बदलले, असा तक्ता करा. जे खरे आहे ते मान्य करा. जे चुकीच्या पत्त्यावर चढले आहे त्याचा पुरावा देऊन विनंतीपूर्वक दुरुस्ती मागा.

मग अटी सुचवा, आणि त्या मोजता येण्याजोग्या असू द्या. आमच्या परवान्यावर आता असलेल्या प्रमुख अटी या आहेत: पहाटे दोननंतर नवीन प्रवेश नाही, धूम्रपानासाठी बाहेर गेलेल्यांना हातावरचा शिक्का पाहून आत घ्यायचे, रात्री अकरापासून बंद होईपर्यंत किमान सात परवानाधारक सुरक्षारक्षक, त्यांपैकी किमान दोन स्त्रिया, सर्व ग्राहकांचे ओळखपत्र यंत्राने तपासणे, सीसीटीव्हीचे चित्रण ३१ दिवस जपणे आणि पोलिसांनी मागताच ते काढून देऊ शकणारी व्यक्ती कायम जागेवर असणे, शेवटच्या तासात एकावर एक मोफत अशा सवलती नाहीत, आणि बंद झाल्यावर तीस मिनिटे कोपऱ्यांवर सुरक्षारक्षक. दोननंतर प्रवेश बंद ही अट आम्हाला उत्पन्नाच्या दृष्टीने जड वाटली होती, पण स्थलांतराच्या भीतीला तेच खरे उत्तर होते, आणि त्या एका अटीने पोलिसांचा सूर सर्वांत जास्त बदलला.

मान्य केलेली अट पाळणे झेपेल का, हे मात्र मनाशी प्रामाणिकपणे ठरवा. परवान्याच्या अटी मोडून व्यवसाय चालवणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सात सुरक्षारक्षक लिहून पाच उभे करणे म्हणजे स्वतःच्या सहीने स्वतःविरुद्ध पुरावा देणे आहे.

पोलिसांशी सहमती झाली तर ते हरकत मागे घेतात. पण रहिवाशांची हरकत शिल्लक असेल तर सुनावणी होतेच. पोलिसांशी बोलताना शेजाऱ्यांना विसरणे ही आमची पहिल्या वेळची आणखी एक चूक होती.

१०. सुनावणी

हरकतींची मुदत संपल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत सुनावणी सुरू व्हावी लागते. तुम्ही येणार का, वकील आणणार का, कोणाला बोलू द्यावे असे तुम्हाला वाटते, हे किमान पाच कामकाजाचे दिवस आधी लेखी कळवा.

आता सर्वांत महागात पडलेला सापळा सांगतो. कागदपत्रे सुनावणीच्या आधी सादर करा. त्याच दिवशी आणलेला कागद समितीने विचारात घ्यायचा असेल तर इतर सर्व पक्षांची संमती लागते. पहिल्या सुनावणीला मी चित्रणातून काढलेल्या छायाचित्रांची जाड फाइल घेऊन गेलो होतो. ती आधी वाचायला मिळाली नाही म्हणून दुसऱ्या पक्षाने संमती दिली नाही, आणि ते त्यांच्या अधिकारातले होते. ती फाइल न उघडताच मी घरी परत आणली.

बोलायला मिळणारा वेळ मर्यादित असतो. पोलिसांवर पक्षपाताचा आरोप करू नका. ‘भीती आहे’ आणि ‘पुरावा आहे’ यांतला फरक मात्र आदराने दाखवा. येथे २००८ चा थ्वेट्स खटला उपयोगी पडतो. इंग्लंडमधील विरल (Wirral) नावाच्या भागातील एका मद्यगृहाच्या वाढीव वेळेला पोलिसांची हरकत उरलेली नव्हती, तरीही इतर ठिकाणचे लोक तेथे येतील अशा अंदाजावर न्यायदंडाधिकाऱ्यांनी वेळ कमी केली, आणि प्रत्यक्ष पुराव्याऐवजी तर्कावर विसंबल्याबद्दल उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पण हा खटला रिकाम्या हाताने, म्हणजे स्वतःच्या पुराव्याशिवाय, वापरू नका. आम्ही त्याचा उल्लेख सहा चाचणी रात्रींच्या नोंदींसोबत केला, म्हणून तो ऐकला गेला.

११. निर्णयानंतर

निर्णय त्याच दिवशी किंवा पुढील पाच कामकाजाच्या दिवसांत होतो, आणि तो कारणांसह लेखी मिळतो. तो मान्य नसेल तर कळवल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येते. तेथे प्रकरण नव्याने ऐकले जात असले, तरी कौन्सिलचा निर्णय चुकीचा होता हे दाखवण्याचा भार अपील करणाऱ्यावर असतो, असे २०११ च्या होप अँड ग्लोरी खटल्यात अपील न्यायालयाने स्पष्ट केले आहे. वकिलाची फी आणि हरल्यास अंगावर येऊ शकणारा खर्च पाहून आम्ही अपील केले नाही. फेटाळणीची कारणे भिंतीवर लावून आम्ही एकेक दुरुस्त करत गेलो, आणि आमच्यासारख्या लहान व्यवसायासाठी तोच मार्ग योग्य होता असे माझे ठाम मत आहे.

मंजुरी मिळाली तर वाढीव वेळ पहिल्याच शनिवारी वापरायला काढू नका. नवा परवाना हातात येऊ द्या, त्याचा सारांश दर्शनी भागात लावा, प्रत्येक अट कोणाच्या जबाबदारीची आहे हे लिहून कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीशी नव्या तासासाठी लेखी करार करा. पोलीस, रहिवासी किंवा अन्य कोणतेही प्राधिकरण परवान्याची फेरतपासणी केव्हाही मागू शकते, आणि गंभीर गुन्हा किंवा गंभीर गोंधळ घडल्यास पोलिसांच्या अर्जावर कौन्सिलला ४८ तासांच्या आत तातडीच्या उपायांचा विचार करावा लागतो, ज्यात परवाना स्थगित करणेही येते. आम्ही अजूनही महिन्याच्या पहिल्या सोमवारी मागील महिन्याच्या घटनावहीची प्रत लायसन्सिंग ऑफिसरना पाठवतो आणि तीन महिन्यांतून एकदा त्यांच्यासोबत कोपऱ्यावर उभे राहून क्लब रिकामा होताना पाहतो.